पाचव्या खोलीतली सहा मिनिटं : ॲनेस्थेशिया बिलिंगमधलं एक प्रकरण

हे प्रकरण अमेरिकेतल्या एका भूलतज्ज्ञ-गटाचं आहे आणि ते उलगडलं पुण्यात, रात्रपाळीत. गोपनीयतेसाठी तारखा, मिनिटं आणि ओळख पटेल असे सगळे तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि आमचे निर्णय, चुकलेले धरून, जसेच्या तसे ठेवले आहेत.

पार्श्वभूमी

मी एका आउटसोर्सिंग कंपनीत ॲनेस्थेशिया कोडिंगची, म्हणजे भुलीच्या नोंदी वाचून बिलासाठीचे कोड लावणारी, टीम सांभाळते. टीममध्ये बी.फार्म. आहेत, बीएचएमएस आहेत, मायक्रोबायॉलॉजी केलेल्या मुली आहेत. बहुतेकांनी सीपीसी ही मेडिकल कोडिंगची परीक्षा दिली आहे. आमचा क्लायंट गट एका रुग्णालयाच्या ओटींना (ऑपरेशन थिएटरांना) आणि तिथल्याच एंडोस्कोपी (दुर्बिणीने पोट-आतडी तपासण्याच्या) विभागाला भूलसेवा देतो. ओटीतली भुलीची नोंद थेट संगणकावर होते. एंडोस्कोपीतली त्या काळात कागदावर व्हायची, मग ते कागद स्कॅन होऊन आमच्याकडे यायचे. या एका फरकातून पुढचं सगळं घडलं.

आपल्याकडे बऱ्याच रुग्णालयांत भूलतज्ज्ञाची फी सर्जनच्या फीचा ठरावीक हिस्सा म्हणून लावतात. त्यामुळे टीममध्ये नव्याने आलेल्या मुलांना आधी हेच समजवावं लागतं, की अमेरिकेत भुलीचा हिशोब सर्जनच्या बिलाला बांधलेला नाही. तो युनिटांत चालतो. भुलीचे स्वतःचे सीपीटी कोड (वैद्यकीय सेवांना तिथे दिलेले ठरावीक क्रमांक) आहेत, ००१०० ते ०१९९९. प्रत्येक कोडला त्या कामाच्या अवघडपणाप्रमाणे बेस युनिट ठरलेले असतात. मोतीबिंदूला (००१४२) ४, गुडघा बदलायला (०१४०२) ७, पंप लावून केलेल्या हृदयशस्त्रक्रियेला (००५६२) २०. त्यात वेळेचे युनिट मिळवायचे, दर १५ मिनिटांना एक. मेडिकेअर, म्हणजे तिथला मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, ही वेळ दशांशाच्या एका घरापर्यंत मोजतो. आलेल्या बेरजेला डॉलरमधल्या कन्व्हर्जन फॅक्टरने गुणायचं. मेडिकेअरचा हा फॅक्टर अलीकडच्या वर्षांत २० डॉलरच्या आसपास आहे, प्रदेशाप्रमाणे थोडा कमी-जास्त होतो.

पेशंटची प्रकृती सांगणारे पी१ ते पी६ हे मॉडिफायर (कोडला जोडायची अक्षरं) आणि वय किंवा तातडीसाठीचे ९९१०० व ९९१४० हे कोडही आहेत. काही खासगी विमा कंपन्या त्यांचे जादा युनिट देतात. मेडिकेअर देत नाही, म्हणून या प्रकरणात त्यांचा संबंध नाही.

संबंध आहे तो भूल कोणी दिली हे सांगणाऱ्या मॉडिफायरांचा. डॉक्टरने एकट्याने, पूर्णवेळ बसून भूल दिली तर एए, आणि पैसे पूर्ण. पण तिथे भुलीचं बरंच काम सीआरएनए करतात, म्हणजे भुलीचं खास उच्च शिक्षण घेतलेल्या परिचारिका. एक डॉक्टर एकाच वेळी दोन, तीन किंवा चार खोल्यांतल्या सीआरएनएंना मार्गदर्शन करत असेल, तर त्याला मेडिकल डायरेक्शन म्हणतात. डॉक्टरच्या क्लेमला (विम्याकडे पाठवलेल्या बिलाला) क्यूके, सीआरएनएच्या क्लेमला क्यूएक्स, आणि दोघांना निम्मे-निम्मे पैसे. सीआरएनएने डायरेक्शनशिवाय काम केलं तर क्यूझेड, आणि पूर्ण रक्कम तिच्या क्लेमवर.

क्यूके लावायचा तर डॉक्टरने सात गोष्टी केलेल्या असाव्या लागतात. भुलीपूर्वी पेशंटला तपासणं, भुलीचा आराखडा ठरवणं, भूल देताना आणि उतरवताना अशा कठीण क्षणी स्वतः हजर असणं, स्वतः करत नसलेलं काम पात्र माणसाच्याच हाती सोपवणं, अधूनमधून येऊन लक्ष ठेवणं, तातडीला हाताशी असणं आणि नंतरची काळजी घेणं. हे सगळं करूनही एका वेळी चारच खोल्या चालतात. पाचवी खोली एका मिनिटासाठी जरी त्या चारांवर चढली, तरी त्या मिनिटात सापडलेल्या पाचही केसेसमधला डॉक्टरचा क्यूके जातो आणि एडी येतो. एडी म्हणजे नुसती देखरेख. कोडचे बेस युनिट कितीही असोत, एडीत डॉक्टरला ३ युनिट मिळतात, आणि इंडक्शनला, म्हणजे भूल चढवताना, हजर असल्याची नोंद असेल तर आणखी एक.

एका वेळी किती खोल्या चालू होत्या याच्या मोजणीला कन्करन्सी म्हणतात. ही मोजणी सगळ्या पेशंटांची होते. बिल मेडिकेअरचं असलं, तरी शेजारच्या खोलीतला खासगी विम्याचा पेशंटही त्यात धरावाच लागतो.

अडचण

महिनाअखेरीची रात्र होती. टीममधली एक ज्युनियर कोडर, कामाला लागून जेमतेम आठ महिने झालेली, एंडोस्कोपीचे उशिरा आलेले कागद भरत होती. हे काम कंटाळवाणं, म्हणून नव्या मुलांकडेच जायचं. ती माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "मॅडम, या डॉक्टरांच्या या दिवशी पाच होतायत."

मी म्हणाले, सॉफ्टवेअर कन्करन्सी तपासतं, पाच झाले असते तर लाल खूण आली असती. तिने वहीतलं पान पुढे केलं. हाताने रेषा आखून तिने तो दिवस मांडला होता :

ओटी १ : गुडघा बदल, ७.२८ ते ९.३६
ओटी २ : दुर्बिणीतून पित्ताशय, ८.०५ ते ९.२०
ओटी ३ : खांदा, ७.५० ते १०.०२
ओटी ४ : हर्निया, ८.३१ ते ९.४८
एंडोस्कोपी : कोलोनोस्कोपी, ९.१२ ते ९.४०

पाचही ठिकाणी डायरेक्शन देणारा डॉक्टर एकच. ९.१२ ते ९.२० ही आठ मिनिटं पाचही खोल्या एकदम चालू. ओटीच्या चार केसेस क्यूकेने कधीच गेल्या होत्या आणि त्यांचे पैसेही जमा झाले होते.

मी तिला म्हणाले, मेल कर, बघते. आणि ते मेल मी दोन दिवस उघडलं नाही. महिनाअखेरीचे आकडे पुरे करायचे होते.

तिसऱ्या दिवशी बघितलं तेव्हा कारण समजलं. आमचं सॉफ्टवेअर कन्करन्सी मोजायचं ते त्या बॅचमध्ये आलेल्या केसेसपुरती. ओटीच्या नोंदी दुसऱ्या दिवशी यायच्या, तपासल्या जायच्या आणि क्लेम निघायचे. एंडोस्कोपीचे कागद पाच-सहा दिवसांनी यायचे, त्यांची बॅच वेगळी, आणि त्यात तो डॉक्टर फक्त एंडोस्कोपीतच दिसायचा. दोन्ही बॅचेस आपापल्या जागी बिनचूक होत्या. पूर्ण दिवस एकत्र ठेवून कोणी बघतच नव्हतं.

बॅचची घाई कशासाठी, तर करारातल्या एका अटीसाठी. शस्त्रक्रियेपासून तीन दिवसांत क्लेम गेला पाहिजे, हे आमच्या कामाचं माप होतं. मेडिकेअरला क्लेम पाठवायला सेवेच्या तारखेपासून एक वर्षाची मुदत असते. तीन दिवसांची घाई मेडिकेअरची नव्हती, आम्ही आणि क्लायंटने मिळून घालून घेतलेली होती.

पैशांत काय फरक पडतो

गुडघ्याच्या केसचा हिशोब असा. बेस ७, वेळ १२८ मिनिटं म्हणजे ८.५ युनिट, एकूण १५.५. फॅक्टर सोयीसाठी २० धरला तर ३१० डॉलर. क्यूकेने डॉक्टरला १५५ आणि क्यूएक्सने सीआरएनएला १५५. एडी लावला की डॉक्टरचे, इंडक्शनचं एक धरून, होतात ४ युनिट, म्हणजे ८०. सीआरएनएचे तेवढेच राहतात. एका केसमागे ७५ डॉलर जास्त घेतले गेले होते.

कोलोनोस्कोपीचं मात्र उलटं निघालं. बेस ४ आणि २८ मिनिटांचे १.९, एकूण ५.९, म्हणजे ११८ डॉलर. क्यूकेने डॉक्टरला ५९ मिळतात. एडीत तीनच युनिट धरले तरी ६०. छोट्या केसमध्ये "कमी पैशांचा" मॉडिफायर एक डॉलर जास्त देतो. हे सांगायचं कारण असं, की आपण फक्त जास्त गेलेले पैसे शोधायला बसलो तर अर्धंच चित्र दिसतं. मॉडिफायर लागतो तो नोंदीत जे घडलंय त्याप्रमाणे, रक्कम त्याच्या मागून येते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय सर्वांत सोपा. पुढे असं होणार नाही अशी व्यवस्था करायची आणि मागचं मागे सोडायचं. आमच्याच एका वरिष्ठांनी हा सुचवला, वाईट हेतूने नव्हे, मेडिकेअरने अजून विचारलंच नाही म्हणून. पण जास्त मिळालेले पैसे ओळखल्यावर ६० दिवसांत कळवून परत करायचे, हा तिथला कायदा आहे. मागे सहा वर्षांपर्यंत पाहावं लागतं. १ जानेवारी २०२५ पासूनच्या नियमानुसार प्रामाणिकपणे चौकशी चालू असेल तर ही मुदत १८० दिवसांपर्यंत थांबते. माहीत असून ठेवलेल्या पैशांवर फॉल्स क्लेम्स ॲक्ट (सरकारकडे केलेल्या खोट्या दाव्यांविरुद्धचा कायदा) लागतो, त्यात नुकसानीच्या तिप्पट रक्कम आणि शिवाय दर क्लेममागे दंड. आमच्या कोडरने ते पान पुढे केलं त्या रात्रीनंतर आम्हाला माहीत नव्हतं असं कोणालाच म्हणता येणार नव्हतं.

दुसरा पर्याय क्लायंटच्या बिलिंग ऑफिसकडून आला आणि तो वरकरणी अगदी रास्त वाटणारा होता. त्यांचं म्हणणं, ओटी २ ची केस ९.२० ला संपली असं दिसतं कारण सीआरएनएने संगणकावरची नोंद तेव्हा बंद केली. पेशंट त्याआधीच रिकव्हरीत पोचलेला असणार. तर रिकव्हरीची वेळ घ्या, म्हणजे पाचवी खोली चढतच नाही.

यात तथ्य होतं. भुलीची वेळ सुरू होते ती भूल देणारा माणूस पेशंटला ओटीत किंवा तशाच जागी भुलीसाठी तयार करायला लागतो तेव्हा, आणि संपते ती पेशंट पुढच्या काळजीत सुरक्षित सोपवून तो माणूस मोकळा होतो तेव्हा. संगणकाचं बटण कधी दाबलं याच्याशी तिचा संबंध नाही. पण पेशंट रिकव्हरीत पोचण्याशीही नाही. पोचल्यावर रिपोर्ट देऊन नर्सने जबाबदारी घेईपर्यंत भुलीची वेळ चालूच असते.

तिसरा पर्याय सर्वांत मोहाचा. डॉक्टरचा क्लेम मागे घ्यायचा आणि सीआरएनएला क्यूझेड लावायचा. एडी आणि क्यूएक्स मिळून गुडघ्याचे २३५ डॉलर होतात, क्यूझेडने पूर्ण ३१०. चूक दुरुस्त केल्यासारखंही दिसतं आणि गटाचा एक पैसाही जात नाही. सात अटी पुऱ्या झाल्या नाहीत तर क्यूझेड लावणारे गट आहेत, आणि त्यावर या व्यवसायात मतभेदही आहेत. पण आमच्या चार्टवर डॉक्टरची भुलीपूर्व तपासणी होती, इंडक्शनला हजर असल्याची सही होती. त्या पानाकडे बघून "डायरेक्शनशिवाय" हा शब्द माझ्याच्याने लिहवला नसता. चारापेक्षा जास्त खोल्या झाल्या तर काय, याचं उत्तर नियमात आहे आणि ते एडी आहे.

चौथा पर्याय म्हणजे क्लायंटच्या कम्प्लायन्स (नियमपालन बघणाऱ्या) अधिकाऱ्यांना सगळं लेखी कळवायचं, एंडोस्कोपीचं काम घेतल्या दिवसापासूनचा प्रत्येक दिवस पुन्हा मांडायचा आणि निघेल ते मान्य करायचं.

काय केलं

चौथा पर्याय घेतला. पण दुसऱ्या पर्यायातला खरा भाग टाकून दिला नाही, आणि माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय तिथेच झाला.

कम्प्लायन्स मॅडमनी फोनवर विचारलं, "शेवटची वेळ चुकीची पडते असं तुम्हाला वाटतं, तर ती फक्त पाच झालेल्या दिवशीच चुकते का?" पुढचे काही क्षण फोनवर कोणीच बोललं नाही. वेळ दुरुस्त करायची तर सगळीकडे करायची. ज्या केसमध्ये पाचवी खोली नाही, पण बटण उशिरा दाबल्यामुळे मिनिटं जास्त लागली आहेत, तिथेही. फायद्याच्या ठिकाणी नर्सची वेळ आणि एरवी संगणकाची, असं केलं तर ते दुरुस्ती राहत नाही, नोंदीत फेरफार होतो.

मग नियम ठरला. नर्सच्या नोंदीत "रिपोर्ट मिळाला" अशी त्याच वेळची स्पष्ट वेळ असेल तरच ती ग्राह्य. नुसती पोचल्याची वेळ चालणार नाही. आणि हा नियम सर्व दिवसांना, सर्व केसेसना. डॉक्टरांना "तुम्ही ९.१२ च्या आधी मोकळे झाला होता का" असे प्रश्न विचारायचे नाहीत. विचारायचंच असेल तर "या केसमध्ये जबाबदारी कधी आणि कोणाकडे दिली, याची काही नोंद आहे का" एवढंच. महिन्यांपूर्वीच्या मिनिटावर आज आठवणीने लिहिलेली पुरवणी पुरावा म्हणून धरायची नाही.

ओटी २ च्या केसमध्ये नर्सची नोंद मिळाली : रिपोर्ट ९.१८ ला. आठाची सहा मिनिटं झाली, पाचवी खोली कायम राहिली. सीआरएनएचे टाइम युनिटही ५.० चे ४.९ झाले. बिलिंग ऑफिसला हवी होती तीच पद्धत, आणि तिने त्यांचे आणखी थोडे पैसे कमी केले. त्यांनी ते मान्य केलं, हे मला आवर्जून नोंदवावंसं वाटतं.

उलट बाजूही निघाली. काही दिवशी सॉफ्टवेअर पाच दाखवत होतं, पण चार्टमध्ये मध्येच दुसऱ्या भूलतज्ज्ञाने खोली ताब्यात घेतल्याची वेळेसह सही होती. आम्ही भरताना पहिल्याच डॉक्टरच्या नावावर पूर्ण केस टाकली होती. तिथे क्यूके बरोबर होता आणि बरोबरच ठेवला. हा दोष पूर्णपणे आमच्या टीमचा. हँडओव्हरची सही चार्टच्या शेवटच्या पानावर असते आणि घाईत ते पान उघडलं जात नव्हतं.

चार जणांनी सात आठवडे हेच केलं. आधी प्रत्येक दिवसाची ओटी आणि एंडोस्कोपीची यादी, मग तिच्याशी चार्ट जुळवणं, मग डॉक्टरनिहाय रेषा. पहिले दोन आठवडे त्या कोडरच्या वहीसारखंच कागदावर केलं, सॉफ्टवेअरवर लगेच विश्वास टाकायची कोणाची तयारी नव्हती.

निष्पत्ती

गटाने आपल्या वकिलामार्फत मेडिकेअरच्या प्रादेशिक कंत्राटदाराकडे स्वतःहून परतावा केला, कारण आणि पद्धत लिहून. एंडोस्कोपीत कमी मिळालेले डॉलर जास्त मिळालेल्यांतून आपणच परस्पर वळते करून घ्यायचे नाहीत, असंही ठरलं. दोन्ही बाजू अहवालात वेगवेगळ्या मांडल्या. खासगी विमा कंपन्यांचे नियम करारागणिक वेगळे, म्हणून त्यांचं काम स्वतंत्र चाललं आणि जास्त लांबलं.

पेशंटांचा विचार आमच्या मूळ आराखड्यात नव्हता, तो कम्प्लायन्स मॅडमनी आणला. मेडिकेअर पार्ट बी (डॉक्टरांच्या सेवांचे पैसे देणारा भाग) मध्ये मंजूर रकमेचा २० टक्के वाटा पेशंटचा असतो. गुडघ्याच्या केसमध्ये ७५ डॉलर कमी झाले, तर त्यातले १५ त्या पेशंटने किंवा त्याच्या पूरक विम्याने भरलेले. तेही परत गेले.

रुग्णालयाच्या बाजूने डॉक्टरांनी सकाळचं वेळापत्रक बदललं. एंडोस्कोपीला आता सकाळी वेगळा भूलतज्ज्ञ असतो. चार ओटी सांभाळणारा माणूस पाचवीकडे धावतो, हा प्रश्न बिलाच्याही आधी पेशंटच्या सुरक्षिततेचा आहे, आणि तो आमच्या पानावरून त्यांच्या बैठकीत गेला.

वेगळं काय करता आलं असतं

एंडोस्कोपीचे कागद उशिरा येतात, ही तक्रार माझ्याकडे सहा महिने आधीपासून होती. मी ती दर बैठकीत "विलंब" या सदराखाली मांडत होते. उशिरा येणाऱ्या कागदांवर केस असते, त्या केसला वेळ असते आणि ती वेळ दुसऱ्या कोणाच्या तरी वेळेवर पडते, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. ॲनेस्थेशियात एक केस एकटी तपासता येत नाही. इतर कोडिंगमधून आलेल्यांना, आणि मीही तशीच आले, हे अंगवळणी पडायला वेळ लागतो.

ते दोन दिवस न उघडलेलं मेलही माझ्या खात्यावर आहे. मुदतीचा हिशोब करताना वकिलांनी पहिली विचारलेली तारीख त्या मेलची होती.

तीन दिवसांच्या अटीवर आम्ही आधीच बोलायला हवं होतं. आता करारात बदल झाला आहे. त्या दिवसाच्या यादीतली प्रत्येक केस हाती आल्याशिवाय त्या दिवसाचा एकही क्लेम जात नाही. यादीत ३१ आणि हातात ३० असतील, तर सगळे थांबतात. क्लेम जायला आता सरासरीने जास्त दिवस लागतात आणि दर महिन्याच्या अहवालात तो आकडा लाल दिसतो. लाल का, ते आम्ही त्याखाली लिहितो.

हँडओव्हरचं पान उघडल्याशिवाय कोडरला केस बंदच करता येऊ नये, अशी सोय सॉफ्टवेअरमध्ये मागितली आहे, अजून मिळालेली नाही. तोवर प्रत्येक डॉक्टरचा दिवस एक जण रेषा आखून बघतो. ते काम सध्या त्या कोडरकडे आहे, आणि नव्या मुलांना ते शिकवायचं कामही तिच्याकडेच.